करड्या खिडक्या

खिडकीबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं भांडारात कोणी उरलं नव्हतं. पगाराच्या कागदावर ते नाव असायचं, बाकी सगळीकडे त्या खिडकीबाई. गंमत म्हणजे रुग्णालयाचं हे औषध भांडार होतं तळघरात, आणि तिथे खिडकी औषधालासुद्धा नव्हती. ट्यूबलाइट दिवसभर जळायच्या, छताखालून पाण्याचे जाड पाइप गेलेले, आणि त्या पाइपांखाली, पूर्वी झाडू-बादल्या ठेवायच्या त्या खोलीत, बाईंचं टेबल. हात लांब केले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी ती खोली. पण बाईंचा तिच्यावर जीव. कोणी मोठी खोली देऊ केली असती, तर "इथे पाय पसरायला कोण आलंय?" असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं असतं. अर्थात तशी कोणी देऊ केली नव्हती.

भांडाराचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालायचा, तो बाईंच्या ताब्यात होता. जुन्या पद्धतीचा प्रोग्राम. माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि आकडे. काळ्या पडद्यावर रेघांनी आखलेल्या चौकटी उघडायच्या. त्यांना विंडो म्हणतात, म्हणून त्या खिडक्या. औषधाचा नंबर टाकला की खिडकी उघडायची आणि सांगायची की आलेल्या पेट्या अमुक जागेवर ठेवा, किंवा अमुक इतक्या पेट्या, अमुक नंबरच्या विभागाला, अमुक जागेवरून काढा. मूळ प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ कधीचाच नोकरी सोडून गेला होता. बाई तेव्हा इथे टायपिस्ट होत्या. "कोणीतरी बघा रे हे," असं तेव्हाचे साहेब म्हणाले, सगळ्यांनी माना खाली घातल्या, बाईंची मान तेवढी वर राहिली, आणि प्रोग्राम त्यांच्या गळ्यात पडला.

त्यांनी सगळ्यांत आधी काय शिकून घेतलं असेल, तर बॅकग्राउंड, म्हणजे खिडकीतल्या अक्षरांमागचा रंग. आणि पहिली फजितीही त्यातच झाली. रंग द्यायच्या दोन आज्ञा असतात. एक म्हणते, इथून पुढे जे लिहिलं जाईल त्याच्यामागे हा रंग. दुसरी म्हणते, आहे ती अख्खी खिडकी आत्ताच्या आत्ता या रंगाने भरून टाक. बाईंनी वापरली पहिली. सकाळी भांडार उघडलं तर खिडकी काळी ती काळीच, आणि जिथे जिथे नवा आकडा उमटला तिथे तिथे निळं ठिगळ. लोकांची हसून मुरकुंडी वळली. दुसरी आज्ञा सापडेपर्यंत बाईंनी डबा उघडला नाही.

त्या शोधाशोधीत त्यांना आणखी एक गोष्ट कळली. या पडद्यावर रिकामी जागा रिकामी नसते. कोरं दिसतं तिथेही एक कोरं अक्षर बसलेलं असतं, आणि बॅकग्राउंड देताना त्या कोऱ्याच्या जागी दुसरं काहीही बसवता येतं. टिंब बसवलं तर सगळी खिडकी टिंबांनी भरते. पुसायला जावं तर पुसल्या जागी पुन्हा टिंबं उगवतात. बाईंच्या हातून हे एकदा चुकून झालं, आणि त्यांनी कानाला खडा लावला.

घरी त्यांनी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. नवरा शिंपी. रस्त्याकडेच्या खोलीत त्याचं मशिन, मागच्या खोलीत संसार.

"म्हणजे अस्तर," तो दातांत सुई धरून म्हणाला. "बघत कोणी नाही, पण ते चुकलं की कोट अंगावर बसत नाही."

बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी ताबडतोब विषय बदलला. नवऱ्याचं बरोबर आहे असं तोंडावर म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

तर बाईंनी खिडक्यांना रंग दिले. कोरड्या रॅकवरच्या मालाची खिडकी निळी, शीतखोलीतल्या मालाची हिरवी, कुलुपाच्या कपाटातल्या गुंगीच्या औषधांची पिवळी, आणि मुदत संपलेल्या मालाची लाल. दिले ते स्वतःच्या सोयीसाठी, पण बघता बघता भांडाराची बोलीच बदलली. "हिरव्यातलं आलं का?" "पिवळ्याची किल्ली कोणाकडे आहे?" "हे लालात टाका, बघा तरी तारीख!" प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर जागेचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, पण ते वाचायला फुरसत कोणाला होती? रंग दिसला की पाय त्या दिशेला वळायचे.

या सगळ्यांत झपाट्याने काम करणारा माणूस म्हणजे पेटीमामा. आला तेव्हा हमाल होता. खांदे रुंद, मान आखूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की तो डोक्यात पक्का बसायचा. त्यामुळे कॉम्प्युटर आले तेव्हा त्याच्या पाठीवरच्या पेट्या उतरवून त्याला पडद्यासमोर बसवलं गेलं, आणि तिथेही त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं. बोटं आकड्यांच्या कळांवर अशी पळायची की बघत राहावं. रोज सकाळी बाईंच्या दाराशी थांबून मामा विचारायचे, "काय बाई, खिडक्या पुसल्या का?" आणि बाई वर न बघता म्हणायच्या, "तुम्ही आधी चष्मा पुसा." एवढं झालं की दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत साहेब आला की ऐकणारे लगेच त्याच्या डोक्याला शिंगं लावतात. सडपातळ, हळू बोलणारे, डोकेदुखीने बेजार झालेले. त्यांच्याबरोबर एकदा वरून कोणी मोठी माणसं भांडार बघायला आली आणि पडदे बघून हसली. "रंगपेटी सांडली की काय इथे?" असं त्यांच्यातला एक म्हणाला. ते साहेबांना लागलं.

"बाई," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सगळ्या खिडक्या एकाच रंगाच्या करा. साधा करडा. डोळ्यांनाही बरं."

"साहेब, माणसं रंगावर चालतात इथे."

"वर जागेचं नाव लिहिलंय ना, एवढं ठळक?"

"लिहिलंय."

"मग वाचतील की."

बाईंनी तोंड फुगवून एकेका खिडकीची एकेक ओळ बदलली, आणि सोमवारी सकाळी तळघरातले सगळे पडदे राखेत लोळून आल्यासारखे दिसायला लागले. आठवडाभर लोकांनी कुरकुर केली, मग वाचायला लागले, मग विसरले. माणूस कशालाही सरावतो.

मामा मात्र सरावले नाहीत. त्यांची बोटं पहिल्यासारखी पळायची, पण खिडकी उघडली की अडखळायची. शेजारच्याला विचारायचे, "हे तिकडचंच ना रे?" शेजारी बिचारा आपल्या कामात, तो "हो हो" म्हणायचा. अशाच एका हो-हो मध्ये इन्शुलिनच्या पेट्या शीतखोलीऐवजी कोरड्या रॅकवर गेल्या आणि तिथेच तापत पडल्या. शीतखोलीच्या सिस्टरांना दुसऱ्या दिवशी त्या सापडल्या. कोणाला दिलं गेलं नव्हतं म्हणून निभावलं, पण माल सगळा टाकून द्यावा लागला. मामा म्हणाले, नजरचूक. थोड्या दिवसांनी गुंगीच्या औषधांची पेटी उघड्या रॅकवर सापडली. मामा म्हणाले, नजरचूक. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि हळू आवाजातच सांगितलं, की आता तिसऱ्यांदा झालं तर मला तुम्हाला इथे ठेवता येणार नाही.

बाईंना वाटलं, डोळे. वय झालं, करड्यावर पांढरी अक्षरं, दिसत नसणार. त्या स्टूल घेऊन मामांच्या शेजारी जाऊन बसल्या. जेवणाची सुटी होती, आसपास कोणी नव्हतं.

"मामा, एक नंबर टाका बघू."

मामांनी टाकला. करडी खिडकी उघडली.

"काय लिहिलंय वर?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "शीतखोली," ते म्हणाले.

पडद्यावर लिहिलं होतं, 'मुदत संपली'.

बाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "दुसरा टाका."

दुसरी खिडकी उघडली. मामांनी बाईंकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे बघितलं. "कोरडे…" ते म्हणाले, आणि बाईंच्या कपाळावर आठी पडलेली दिसताच लगेच, "नाही नाही, कुलुपाचं कपाट."

हे बरोबर होतं. पण बाईंना आता कळलं. मामा पडदा वाचतच नव्हते. ते बाईंचा चेहरा वाचत होते.

"मामा," त्या म्हणाल्या.

"आवाज चढवू नका, बाई." मामा कळांकडे बघत होते. "आकडे येतात. सही येते, ती चित्रासारखी काढतो. अक्षर येत नाही."

"एकही?"

"शाळा बांधताना विटा वाहिल्यात मी. आत बसायचं राहिलं." ते थोडं हसले. "बायको होती तोवर कागद-बिगद ती बघायची. ती गेली. इथे तुमचे रंग होते, त्यामुळे कधी अडलं नाही."

"मी शिकवते तुम्हाला."

"कधी? कुठे? इथे बसून गिरवायला लागलो तर दुपारपर्यंत गावभर होईल. कालपर्यंत मी काय करत होतो, असं विचारतील ना लोक." त्यांनी पहिल्यांदा बाईंकडे सरळ बघितलं. "हमाली केली, त्याची लाज नाही वाटली कधी. याची वाटते. कोणाला सांगू नका."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून बसल्या. साहेबांचा राग आला, मग स्वतःचा आला. एका माणसाचं पोट या रंगांवर चाललंय हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि ज्या हातांनी रंग दिले त्याच हातांनी त्यांनी ते मुकाट्याने पुसले होते. साहेबांना जाऊन रंग परत मागावेत, तर ते कारण विचारणार. कारण तर एकच होतं, आणि तेच सांगायचं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला आडून विचारलं, "समजा, सगळी अस्तरं एकाच रंगाची आहेत. कुठलं कुठलं हे ओळखायचं कसं?"

"विणीवरून," नवरा म्हणाला. "हात फिरवला की कळतं. का गं?"

"काही नाही, जेवा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कानाचा खडा काढला. साहेबांचा करडा रंग तसाच ठेवला. फक्त मामांच्या एका पडद्यापुरतं, करड्या बॅकग्राउंडच्या कोऱ्या अक्षराच्या जागी शीतखोलीच्या खिडकीत टिंब बसवलं, कुलुपाच्या कपाटाच्या खिडकीत आडवी रेघ, आणि मुदत संपलेल्या मालाच्या खिडकीत बारीक फुली. कोरड्या रॅकची खिडकी कोरी ठेवली. मामांनी नंबर टाकला. खिडकी उघडली आणि काठापासून काठापर्यंत टिंबांनी भरून गेली.

"हे गारांचं," मामा म्हणाले, आणि उठून सरळ शीतखोलीकडे चालायला लागले.

पुढचे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मामांची बोटं पुन्हा पळायला लागली. सकाळी दाराशी थांबणं, जे मधल्या काळात बंद पडलं होतं, तेही सुरू झालं. एकदा साहेबांनी जाता जाता त्यांच्या पडद्याकडे बघून विचारलं, "हा काय कचरा?" तर मामांनी बेधडक सांगितलं, "जुना पडदा आहे साहेब, म्हातारा झालाय, माझ्यासारखा." बाई आपल्या खोलीत तोंडाला रुमाल लावून हसल्या.

याच सुमारास साहेबांनी एक चांगली सुधारणा केली. चांगलीच होती, त्यात वाद नाही. एखाद्या विभागाला अख्खी पेटी लागत नसेल, तर अर्धी द्यायची, म्हणजे माल वाया जात नाही. बाईंनी ती प्रोग्राममध्ये बसवली. अर्धी पेटी म्हणजे पडद्यावर टिंब आणि त्यापुढे पाच. आधीचं शून्य लिहायला रकान्यात जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते गाळलं. स्वतःच्या पडद्यावर तपासून बघितलं, छान दिसत होतं, सगळ्यांना देऊन टाकलं.

आणि इथे बाई फसल्या. आकडा रकान्यात उजवीकडे बसतो, आणि त्याच्या डाव्या बाजूची कोरी जागा प्रोग्राम कोऱ्या अक्षरांनी भरतो. मामांच्या पडद्यावर कोरं अक्षर म्हणजे टिंब. त्यामुळे शीतखोलीच्या खिडकीत साध्या पाचाच्या आधीही टिंबांची रांग, आणि अर्ध्याच्या पाचाच्या आधीही टिंबांची रांग. दोन्ही अगदी सारखे. अर्ध्या पेट्या नव्हत्या तोवर मामा टिंबांकडे लक्षच देत नव्हते. आता टिंबाला अर्थ आला होता. जी खूण बाईंनी त्यांना अक्षरांतून सोडवायला दिली, तीच त्यांच्या आकड्यांत शिरली होती, आणि आकडेच तेवढे त्यांच्या हक्काचे होते.

लहान मुलांच्या विभागाने लसीच्या पाच पेट्या मागितल्या. मामांनी टिंब बघितलं, पाच बघितला, पेटी फोडली, नीट मोजून अर्धी बाजूला काढली आणि वर पाठवली.

त्या दिवशी मुलांना लस द्यायचा दिवस होता. अर्धी पेटी सकाळीच संपली. उन्हातून मुलं कडेवर घेऊन आलेल्या कितीतरी आया परत गेल्या. विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात उतरल्या आणि साहेबांना नको नको ते बोलून गेल्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. साहेब उठले, मामांच्या टेबलाशी गेले, स्वतः नंबर टाकला, आणि टिंबांनी भरलेल्या त्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बाईंना बोलावलं. मामांनाही बोलावलं. बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या, मामा दारात. दार उघडंच होतं.

"हे ठिपके कोणी घातले?"

"मी," बाई म्हणाल्या.

"का?"

"करून बघत होते."

"यांच्या एकट्याच्या पडद्यावर?"

"हो."

"कोणाला विचारून?"

मामा रिकाम्या हातांनी उभे होते, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"बाई," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मुलं घेऊन आलेल्या बायका परत गेल्यात. आणि तुम्ही मला सांगता, करून बघत होते? तुम्ही काही पोरसवदा नाही. काहीतरी कारण असेल. ते सांगा, मी ऐकतो."

"कारण नाही, साहेब. चूक झाली. रकान्यातली कोरी जागा माझ्या लक्षात यायला हवी होती."

हे मात्र खरं होतं. टिंबांमागचं कारण त्या लपवत होत्या, पण चूक त्यांचीच होती, आणि ती चूक मनातल्या मनात त्या सकाळपासून चघळत होत्या. परत गेलेल्या त्या आया डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

साहेबांनी कपाळ चोळलं. "मग माझा नाइलाज आहे. हे मी पोटात घालू शकत नाही. उद्यापासून तुम्ही प्रोग्रामला हात लावायचा नाही. बाहेरची माणसं बघतील. तुम्ही परत टायपिंगला बसा."

त्या खिडक्या बाईंच्या होत्या. मूल नव्हतं त्यांना, आणि नवरा सोडला तर जगात ज्याची काळजी करावी असं एवढंच होतं. पण त्यांनी मान हलवली.

"ठीक आहे, साहेब."

"ठीक नाही," मामा दारातून म्हणाले.

"मामा, तुम्ही बोलू नका," बाई झटकन वळून म्हणाल्या. मामांशी त्या अशा तुटक कधी बोलल्या नव्हत्या.

"ठिपके माझ्यासाठी होते, साहेब."

"मामा!"

"मला वाचता येत नाही."

बाहेर दालनात कळांचा खडखडाट चालू होता. तो थांबला. आधी जवळच्या टेबलावरचा, मग पलीकडचा, मग सगळाच. मामांच्या मानेवर लाली चढत गेली, पण ते हलले नाहीत.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या पाठीमागच्या उघड्या दाराकडे बघितलं. ते उठले, मामांच्या बाजूने गेले आणि त्यांनी दार हलकेच लावून घेतलं. परत येऊन खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

"अजिबात?"

"अजिबात."

"मग इतकी वर्षं काम कसं केलंत?"

"रंगांवर, साहेब. बाईंच्या."

साहेबांच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा पडदा होता, नीटनेटका, करडा. तिकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "रंग काढले तेव्हाच सांगायचं. मी काढलेच नसते."

"काय सांगणार होतो? हेच सांगावं लागलं असतं." मामांनी घसा साफ केला. "यांनाही मी सांगितलं नव्हतं. यांनी ओळखलं. मी शब्द घेतला, म्हणून त्या गप्प बसल्या. आत्ताही बसल्याच असत्या. तुम्ही त्यांना टायपिंगला पाठवलं असतंत आणि मी उद्या सकाळी येऊन ठिपके बघत बसलो असतो. कसा बसणार होतो, साहेब? तोंडात घास गेला असता का माझ्या? मला काढा. यांच्या खिडक्या काढून घेऊ नका."

बाई रडायला लागल्या. ऑफिसात त्या कधी रडल्या नव्हत्या, सासू गेल्याचा निरोप इथेच आला होता तेव्हाही नाही. "तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं?" त्या मामांवरच खेकसल्या. "मी घेतलं होतं ना अंगावर? सगळं मिटलं होतं ना?"

"मिटलं होतं म्हणूनच बोललो," मामा म्हणाले.

साहेबांनी बाईंपुढे पाण्याचा पेला सरकवला. "रंग परत लावा," ते म्हणाले. "आजच. वरची माणसं हसली तर मी बघून घेईन. ठिपके काढा. उद्या डॉक्टरीणबाईंकडे आपण तिघंही जाऊ, माफी मागू, त्या काय बोलतील ते ऐकू. प्रोग्राम तुमच्याकडेच राहील. आणि मामा, तुम्ही तुमच्या जागेवर बसा."

"बाहेर सगळ्यांनी ऐकलं असेल," मामा म्हणाले.

साहेब खोटं बोलले नाहीत. "ऐकलं असेल," ते म्हणाले.

मामांनी मान हलवली. सदरा खाली ओढून सरळ केला. बाई बरोबर यायला निघाल्या तर त्यांनी हाताने त्यांना थांबवलं, स्वतः दार उघडलं, आणि एकटेच त्या शांत दालनातून, सगळ्यांच्या नजरांसमोरून, रोजच्याच चालीने आपल्या टेबलापर्यंत गेले. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग कळांचा आवाज सुरू झाला, एकट्याच्याच.

बाई आपल्या खोलीत गेल्या. प्रोग्राम उघडला, रंगांच्या ओळी जिथे होत्या तिथे गेल्या. चार ओळी बदलायच्या होत्या, डोळे मिटूनही केल्या असत्या. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. समोरचा पडदा पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता, आणि बराच वेळ त्यांना त्यावरचं एकही अक्षर वाचता येईना.